एकवीस दिवसांची रजा

गेल्या महिन्यात गावाकडच्या नात्यातल्या एका बाईंचा फोन आला. ख्यालीखुशाली विचारून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुमचं बरं आहे बाई. आज समुद्र, उद्या डोंगर, परवा विमान. आमचं आपलं उठलं की पाणी भरायचं." आम्ही हसून वेळ मारून नेली. फोन ठेवल्यावर वाटलं, यात दोष आमचाच आहे. फोटो आम्हीच पाठवतो. मलाक्काच्या नदीकाठचा पाठवतो, पेनांगच्या टेकडीवरचा पाठवतो. रात्री अकरा वाजता न्हाणीघरात दोरी बांधून मुलांचे ओले गणवेश वाळत घातल्याचा फोटो आम्ही आजवर कोणाला पाठवलेला नाही.

म्हणून या वेळी सगळा हिशेबच मांडतो. मुलांच्या अब्बांना कंपनीकडून वर्षाला एकवीस दिवसांची पगारी रजा मिळते. आमचं सगळं फिरणं, गावी येणं, लग्नकार्य, कोणाच्या आजारपणाला धावून जाणं, हे या एकवीस दिवसांत बसवायचं. उरलेलं वर्ष जसं तुमचं तसंच आमचं.

आम्ही मलेशियात शाह आलमला राहतो, हे नियमित वाचकांना ठाऊक आहे. सेलांगोर राज्याची ही राजधानी, क्वालालंपूरला लागूनच. घराच्या खिडकीतून निळ्या घुमटाची मोठी मशीद दिसते. ती १९८८ साली उघडली. चार मिनार, प्रत्येक १४० मीटरहून उंच. आल्या आल्या आठ दिवस आम्ही खिडकीतून हललो नव्हतो. आता तीन वर्षांनी तिच्याकडे बघायचं ते पाऊस किती जवळ आला हे समजण्यासाठी. मिनार धूसर झाले की धावत जाऊन गॅलरीतले कपडे काढायचे. इथे पावसाळा म्हणून वेगळा असा फारसा नाहीच, बहुतेक दुपारी चारच्या सुमाराला आभाळ फुटतं आणि तासाभरात पुन्हा काही झालंच नाही असं ऊन पडतं.

दिवस फजरला सुरू होतो. विषुववृत्त इतकं जवळ आहे की सूर्याच्या वेळा वर्षभर फारशा हलत नाहीत. मगरिब बाराही महिने सात ते साडेसातच्या आसपास. रोजा उन्हाळ्यात पडो की हिवाळ्यात, साडेतेरा तासांच्या आगेमागेच असतो. (इथल्या लोकांना आम्ही सांगितलं की आमच्याकडे थंडीचे रोजे आणि उन्हाळ्याचे रोजे वेगळे असतात, तर त्यांना ते कळायला वेळ लागला.) साडेसहाला मुलांची स्कूल व्हॅन येते तेव्हा बाहेर पूर्ण काळोख असतो. मग मुलांचे अब्बा कामावर जातात आणि आम्ही घरात.

आम्ही घरात, हे वाक्य लिहायला आजही जड जातं. चौदा वर्षं आम्ही एका अनुदानित शाळेत उर्दू आणि मराठी शिकवलं. इथे आम्ही नवऱ्याच्या परवान्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाच्या पासवर आहोत, आणि त्या पासवर वेगळी परवानगी घेतल्याशिवाय नोकरी करता येत नाही. बीएडचं प्रमाणपत्र कपाटात कपड्यांखाली आहे. मग आमच्यातल्या शिक्षिकेने घरातच दोन विद्यार्थी धरले. शनिवारी मराठी, रविवारी उर्दू. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावरून उतरवून घेतली, कोपऱ्यावरच्या दुकानात छापून आणली. थोरली तेरा वर्षांची, ती गावात शिकून आलेली असल्याने तिचं ठीक आहे. धाकटा इथे आला तेव्हा पाच वर्षांचा होता. त्याला 'ळ' येत नाही. केळं मागताना 'केलं' म्हणतो. दादीला फोनवर "तुम्ही जेवलात का?" असं पाठ केलेलं वाक्य म्हणतो आणि तिने उलट काही विचारलं की फोन आमच्या हातात देऊन पळतो.

ही गोष्ट आम्हाला इतर कशापेक्षा जास्त टोचत होती. चौदा वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना भाषा शिकवली आणि स्वतःच्या मुलाला आजीशी बोलता येईना.

आता रजेचं. पहिल्या वर्षी एकवीसच्या एकवीस दिवस गावी. मुंबईपर्यंत पाच तासांचं विमान, मग मांडवी एक्सप्रेसने खेड, तिथून एसटीने दापोली आणि पुढे रिक्षा. विमानापेक्षा पुढचा प्रवास मोठा. दुसऱ्या वर्षी मुलांचे अब्बा म्हणाले, पंधरा दिवस गावाला आणि सहा दिवस हाताशी ठेवू. त्या सहा दिवसांना शनिवार-रविवार आणि सणांच्या सुट्ट्या जोडून आम्ही जे काही पाहिलं तेच तुम्ही फोटोत पाहता. मलेशियात सणांना तोटा नाही. ईद, चिनी नववर्ष, दिवाळी, वेसाक, ख्रिसमस, सगळ्यांच्या सुट्ट्या. युक्ती एवढीच की सुट्टीच्या दिवशी निघायचं नाही, आदल्या रात्री निघायचं. ईदला तर अर्धं शहर 'बालिक काम्पुंग' म्हणजे गावी परत जातं आणि महामार्गावर गणपतीतल्या मुंबई-गोवा रस्त्यासारखी रांग लागते. मनुष्य कुठलाही असो, सणाला त्याला गाव आठवतंच.

या सगळ्या फिरण्यातलं एकच ठिकाण आज सविस्तर सांगतो, कारण ते आमच्या डोक्यातून जात नाही. गेल्या वर्षी आम्ही चार दिवसांसाठी बांदा आचेहला गेलो. इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटाचं हे अगदी वरचं टोक. क्वालालंपूरहून दीड तासाचं विमान. भारतीयांना तिथे उतरल्यावर पैसे भरून व्हिसा मिळतो, माणशी पाच लाख रुपया. आकडा ऐकून घाबरू नका, ती इंडोनेशियाची रुपया. तिथे चहालाही हजारांत पैसे लागतात. धाकट्याने दोन दिवस स्वतःला लक्षाधीश समजून घेतलं.

आचेहला 'सेराम्बी मक्का' म्हणतात. सेराम्बी म्हणजे घराची पुढची पडवी. जहाजांच्या काळात त्या सगळ्या बेटांवरचे हाजी इथे जमून पुढे निघत, म्हणून ही मक्केची पडवी. कोकणातल्या माणसाला हा शब्द समजवावा लागत नाही. आमचे आजेसासरे मुंबईहून जहाजाने हजला गेले होते आणि निघायच्या आदल्या रात्री सगळं गाव त्यांच्या पडवीतच बसलं होतं, असं घरात सांगतात.

२६ डिसेंबर २००४ ला या पडवीत समुद्र शिरला. एकट्या इंडोनेशियात दीड लाखाहून जास्त माणसं गेली, त्यांतली बहुतेक आचेहची. शहराच्या मधोमध बैतुर्रहमान मशीद आहे, पांढरी, काळ्या घुमटांची. आजूबाजूला सगळं वाहून गेलं आणि ती उभी राहिली. तिच्या आवारात आता मदिनेत आहेत तशा उघडझाप होणाऱ्या मोठ्या छत्र्या लावल्या आहेत. अस्रनंतर तिथे मुलं संगमरवरावर घसरत खेळत होती, आया ओरडत होत्या. आम्ही फार वेळ तिथे बसलो.

दुसऱ्या दिवशी ते जहाज पाहिलं. २,६०० टनांचं, वीज तयार करणारं तरंगतं केंद्र. लाटेने उचललं आणि दोन-तीन किलोमीटर आत वस्तीत आणून ठेवलं. ते अजून तिथेच आहे. आजूबाजूला घरं, दुकानं, दोरीवर कपडे, आणि मधे जहाज. लाम्पुलो नावाच्या वस्तीत एका घराच्या छतावर मच्छीमारांची होडी अडकलेली आहे. त्या होडीत चढून एकोणसाठ माणसं वाचली. त्सुनामीचं जे संग्रहालय आहे त्यात शिरताना एका अरुंद, काळोख्या वाटेतून जावं लागतं. दोन्ही बाजूंनी भिंतीवरून पाणी ओघळतं आणि त्याचा आवाज कानांत भरतो. पुढे विहिरीसारखी एक गोल उंच खोली आहे. भिंतीवर खालपासून वरपर्यंत गेलेल्यांची नावं, आणि अगदी वर, जिथून उजेड येतो तिथे, अल्लाहचं नाव.

थोरली नावं वाचत होती. मध्येच म्हणाली, "अम्मी, आपल्या गावापासून समुद्र किती लांब आहे?" आम्ही सांगितलं, चालत पंधरा मिनिटं. ती पुढे काही बोलली नाही. रात्री हॉटेलात तिने स्वतःहून दादीला फोन लावला. दादीला काही सांगितलं नाही, नुसतंच आज काय जेवलात, कोंबड्या कशा आहेत, एवढंच विचारलं. आमच्या लक्षात आलं की दापोली तालुक्यातल्या त्या घरात पंच्याहत्तर वर्षांची एक बाई एकटी झोपते आणि आम्ही रजेचे दिवस मोजत बसतो.

म्हणून यंदा उलटं केलं. दादीलाच बोलावलं.

ज्यांना आपल्या वडीलधाऱ्यांना असं न्यायचं असेल त्यांच्यासाठी सांगतो. भारतीय पासपोर्टवर मलेशियात तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत डिसेंबर २०२३ पासून सुरू झाली आणि तिची मुदत वाढवत नेली आहे. तिकीट काढण्याआधी ती चालू असल्याची खात्री करून घ्यावी. प्रवासाच्या आधीच्या तीन दिवसांत अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं, परतीचं तिकीट हाती ठेवायचं. दादी अठ्ठावीस दिवसांसाठी आल्या, मुंबईच्या एका ओळखीच्या कुटुंबासोबत. सोबत एक पिशवी तांदूळ (मलेशियाला! तांदूळ!), आमसुलं, सुकट, आणि धाकट्यासाठी स्वतः शिवलेली गोधडी. इथे गोधडीची हवा नाही. तो अठ्ठावीस दिवस ती घेऊन झोपला.

पहिले दोन दिवस दादी गप्प होत्या. बाराव्या मजल्यावरून खाली बघून म्हणाल्या, "इथे माणसं जमिनीला कधी टेकतात?" तिसऱ्या दिवशी समोरच्या दारातल्या माकचिक भेटायला आल्या. माकचिक म्हणजे मावशी किंवा काकू. इथे वयाने मोठ्या बाईला हेच म्हणतात. त्यांनी विचारलं, "आपा खबर?" दादींनी ताबडतोब उत्तर दिलं, "खबर चांगली." आम्ही चकित. माकचिक म्हणाल्या, "सिहात?" दादी म्हणाल्या, "सेहत ठीक, गुडघे दुखतात," आणि गुडघ्यावर हात मारून दाखवलं. माकचिकनेही स्वतःच्या गुडघ्यावर हात मारला. झाली दोस्ती.

इथे आमच्यातल्या शिक्षिकेला थोडं बोलू द्या. मलय भाषा आपल्याला परकी नाहीच. तिच्यात अरबी-फारसीतून आलेले जवाब, फिकिर, हैरान, दुनिया, कुरसी, मुसाफिर हे शब्द थोड्याफार फरकाने तसेच आहेत. पोर्तुगीज जसे आपल्या किनाऱ्यावर आले तसे तिकडेही गेले, म्हणून कपाट तिकडे 'अल्मारी' आणि अननस 'नानास'. त्याखाली संस्कृतचा थर आहे. भाषा म्हणजे 'बहासा', शिक्षक म्हणजे 'गुरु', पुण्य म्हणजे 'पहाला', आपलं फळ. रोजाला ते 'पुआसा' म्हणतात आणि तो शब्द उपवासावरून आलेला आहे. हे दादींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे शेजारच्या वहिनी एकादशीला करतात तोच शब्द?" आम्ही म्हटलं, तोच. त्यांना त्यात फार मजा वाटली. फोन करून त्यांनी त्या वहिनींना सांगितलंसुद्धा.

आणि लिपी. मलय भाषा आता रोमन लिपीत लिहितात, पण जुनी जावी लिपी अरबी अक्षरांची आहे. मशिदींवर, सरकारी कचेऱ्यांवर, काही ठिकाणी रस्त्यांच्या नावांच्या पाट्यांवरही ती दिसते. उर्दू येणाऱ्याला ती वाचता येते, फक्त 'प'साठी त्यांनी 'फे'वर तीन नुक्ते दिले आहेत आणि 'ङ'साठी 'ऐन'वर तीन. दादी उर्दू वाचतात. मशिदीच्या दारावरची पाटी त्यांनी अडखळत पूर्ण वाचली, अर्थ एका अक्षराचा कळला नाही. धाकटा शेजारी उभा होता. त्याला मलय समजते, पण ही अक्षरं येत नाहीत. दादी वाचत गेल्या आणि तो अर्थ सांगत गेला. शेवटी त्याने विचारलं, "दादी, तुम्हाला हे कोणी शिकवलं?" इतक्या महिन्यांच्या आमच्या रविवारच्या तासांनी जे झालं नाही ते त्या पाटीने केलं. त्या दिवसापासून तो रोज इफ्तारीआधी दादींकडे अलिफ-बे घेऊन बसू लागला. आणि दादी त्याला कोकणीत रागावू लागल्या. रागावलेली भाषा लवकर येते, हा आमचा चौदा वर्षांचा अनुभव आहे.

स्वयंपाकघरातही दादींनी दोन आठवड्यांत मलेशिया काबीज केला. आठवडी रात्रबाजारात, म्हणजे 'पासार मालाम'मध्ये, त्यांनी मासळीच्या पाटीपुढे उभं राहून नावं घ्यायला सुरुवात केली. बांगडा इथे 'केम्बुंग', सुरमई 'तेंगीरी', पापलेट 'बावाल'. आमसुलं संपली तेव्हा माकचिकने 'आसाम केपिंग' आणून दिलं, एका आंबट फळाच्या सुकवलेल्या चकत्या. ते झाड आपल्या कोकमाच्याच जातकुळीतलं आहे. दादींनी चकती जिभेला लावली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "चालेल. रंग येणार नाही, पण चालेल." त्या रात्रीचं बांगड्याचं कालवण माकचिकच्या घरी गेलं आणि तिकडून नारळाच्या दुधातला भात आला.

दादींना घेऊन एकच प्रवास केला, मलाक्काचा. मोटारीने दोन तास. १५१० मध्ये गोवा घेऊन आफोन्सो दि आल्बुकर्क पुढच्याच वर्षी मलाक्कावर गेला, आणि त्याने बांधलेल्या किल्ल्याचा एक दरवाजा तेवढा तिथे उरला आहे. संत फ्रान्सिस झेवियर यांचं पार्थिव गोव्याला आणण्याआधी काही महिने इथल्याच टेकडीवरच्या चर्चमध्ये होतं. हे सगळं आम्ही उत्साहाने सांगत होतो. दादींना किल्ल्यात रस नव्हता. त्यांना आवडली ती काम्पुंग क्लिंगची मशीद. १७४८ सालची, हिंदुस्थानातून आलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांची. घुमट नाही. एकावर एक चढवलेलं तीन टप्प्यांचं उतरतं छप्पर, आणि शेजारी चिनी पॅगोड्यासारखा मिनार. "ही आपल्यासारखी आहे," दादी म्हणाल्या, "पावसाचं ठाऊक असलेल्या माणसाने बांधलेली." त्याच रस्त्यावर चार पावलांवर चिनी मंदिर आणि गणपतीचं देऊळ आहे. दादींनी हौदावर वजू केला, नमाज पढली आणि नंतर खांबाला टेकून पाऊण तास बसून राहिल्या. आम्ही पुढचं काही पाहायचं रद्द केलं.

इथवर सगळं छान आहे. आता जे छान नाही ते.

दादी येण्याच्या आठवडाभर आधी दोन पत्रं आली होती. एक कंपनीचं. पुढच्या दोन वर्षांचा करार देत आहोत, परंतु मुलांच्या शाळेच्या फीची सवलत यापुढे मिळणार नाही. दुसरं आमच्या गावाकडच्या संस्थेचं. तीन वर्षांची बिनपगारी रजा संपत आली आहे, जूनमध्ये हजर व्हावे अन्यथा राजीनामा द्यावा. थोरली जूनच्या आधीच आठवी संपवून नववीत जाते. नववीला नाव नोंदलं की दहावी त्याच शाळेतून करावी लागते, मध्येच बदलणं सोपं नाही. म्हणजे आताच ठरवायला हवं.

दोन मुलांची फी म्हणजे पगाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. आम्ही दोघांनी कागद घेऊन हिशेब केला आणि जे उत्तर निघालं ते सरळ होतं. आम्ही मुलांना घेऊन गावी परतायचं, शाळेत हजर व्हायचं, दादींची सोबत होईल, मुलांची भाषा होईल, पगारही चालू होईल. मुलांच्या अब्बांनी इथेच एखादी खोली घेऊन दोन वर्षं काढायची आणि एकवीस दिवसांची रजा घेऊन यायचं. कागदावर यात कुठेच चूक नव्हती. दादींना आनंद होईल अशी आमची खात्री होती. म्हणून सांगायचं मुद्दाम मागे ठेवलं होतं, ईदची भेट म्हणून.

विसाव्या रोजाला तरावीहनंतर सांगितलं. दादी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या कोकणीतच शोभतं, आम्ही इथे आपल्या लिहिण्याच्या मराठीत देतो.

सासरे एकोणीस वर्षं कुवेतला होते. दोन वर्षांतून एकदा दोन महिने यायचे. "एकोणीस वर्षांचे किती झाले?" दादींनी आम्हाला विचारलं. आम्ही गणित केलं. जेमतेम दीड वर्ष. "दीड वर्षाचा संसार केला आम्ही," त्या म्हणाल्या. पत्रं यायची. पुढे कॅसेट यायच्या, रेकॉर्ड केलेल्या. घरात सगळे जमून ऐकायचे, म्हणून त्या कॅसेटमध्ये बायकोसाठी एकही शब्द नसायचा. मुलांचे अब्बा चार वर्षांचे असताना सासरे रजेवर आले तर हा मुलगा पडवीतून आत धावला आणि म्हणाला, "अम्मी, कोणीतरी पाहुणे आलेत." ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतला. दीड महिना काही पत्ता नव्हता. मग बसने बगदाद, तिथून अम्मान, आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने ते मुंबईला उतरले. त्या दोन महिन्यांत लाखाहून जास्त भारतीय असे परत आणले गेले, त्यांतले एक आमचे सासरे. हातात एक पिशवी. "सगळं गाव रडलं, की कमाई गेली," दादी म्हणाल्या. "मी त्या रात्री शुक्राच्या दोन रकात पढले. नवरा घरी आला होता."

मुलांचे अब्बा खाली मान घालून बसले होते. ही पाहुण्यांची गोष्ट त्यांनी आम्हाला लग्नानंतरच्या सोळा वर्षांत कधी सांगितली नव्हती.

आम्ही म्हटलं, "अम्मी, पण तुम्ही तिकडे एकट्या असता." त्या म्हणाल्या, "मी एकटी आहेच. तुला करून माझं एकटेपण कमी होणार आहे काय? उलट घरात दोघी एकट्या होतील."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही. दादींचं बरोबर म्हणावं तर त्यांचं वय वाढतंच आहे आणि गुडघे तेच आहेत. आमची नोकरी, जी बारा-चौदा वर्षं सांभाळली, ती काही हवेत सोडून द्यायची चीज नव्हे. आपल्या समाजात शिकलेल्या बाईची नोकरी किती मुश्किलीने उभी राहते हे आम्ही या सदरातच लिहीत आलो आहोत. ज्या वाचक भगिनी नवरा परदेशात असताना घर, मुलं, सासू-सासरे एकहाती सांभाळतात, त्यांच्याविषयी आम्हाला आदरच आहे. कित्येकींना दुसरा मार्गच नसतो. आम्हाला होता, महागडा का होईना, आणि तो दिसत असून आम्ही हिशेबाचा कागद पुढे करत होतो, एवढंच.

ईद झाली. माकचिकच्या घरी 'घर उघडं' होतं. इथे शव्वालभर लोक आपल्या घराचं दार सगळ्यांसाठी उघडं ठेवतात, मलय, चिनी, तमिळ, कोणीही यावं, खावं. मुलांना हिरव्या पाकिटांत ईदी मिळाली. जो तो एकमेकांचे हात हातात घेऊन म्हणत होता, "माआफ जाहिर दान बातिन." दिसलेल्या आणि मनातल्या सगळ्या चुकांची माफी. दादींना यातलं सगळं समजलं. त्यांनी माकचिकचे हात धरून तेच म्हटलं, शुद्ध उच्चारात. दोन दिवसांनी त्या परत गेल्या.

मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही राजीनामा पाठवला. मराठीत लिहिला, सुवाच्य अक्षरात, तीन वेळा लिहून काढला. करारावर दोन वर्षांसाठी सही झाली. तीन खोल्यांचं घर सोडून त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर दोन खोल्यांचं घेतलं आहे. तिथून मशीद दिसत नाही, पाऊस आला की आता कपडे भिजतात. पेनांग, मलाक्का, आचेह सगळं बंद. दोन वर्षं एकवीसच्या एकवीस दिवस दापोलीला, आणि दादींना जमेल तेव्हा अठ्ठावीस दिवस इकडे. गावातल्या पुतणीला सांगून रात्री दादींच्या सोबतीला झोपायची व्यवस्था केली आहे. ती बारावीला आहे, तिचा अभ्यासही होतो. फीचा दुसरा हप्ता कुठून येणार याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. माकचिकच्या नातवांना उर्दू शिकायची आहे, पण पैसे घेऊन शिकवणं पासच्या नियमात बसत नाही. त्यांना आम्ही फुकट शिकवतो आणि त्या आम्हाला जावी शिकवतात.

धाकटा आता 'ळ' म्हणतो, पण जिथे नाही तिथेही. काल त्याने 'कळम' आणि 'किळोमीटर' म्हटलं. आम्ही दुरुस्त केलं नाही.

दादींना व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवायला थोरलीने शिकवलं आहे. परवा पहाटे एक निरोप आला. कोंबडीने नऊ पिल्लं काढली. शेजारच्या वहिनींना आसाम केपिंगचं कालवण खाऊ घातलं, त्यांनी कृती विचारली. माकचिकला सलाम सांगा. मग जरा थांबून, हळू आवाजात, "हे फक्त माझ्या मुलासाठी, बाकीच्यांनी ऐकू नका," असं म्हणून त्या पुढे बोलल्या. आम्ही फोन मुलांच्या अब्बांच्या हातात दिला आणि चहा टाकायला आत गेलो.